होट्टलच्या शिल्पांपुढे कॅमेऱ्याची पारख

देगलूर तालुक्यातील होट्टल येथे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील सिद्धेश्वर मंदिर आहे. त्याच्या बाह्य भिंतींवरील सुरसुंदरींचे अलंकार तिरक्या उन्हात उठून दिसतात. चार पावले आत, सभामंडपात, मात्र अंधार असतो. हौशी छायाचित्रकाराने लहान मिररलेस कॅमेऱ्याची पारख दुकानाच्या झगमगाटात न करता असा अंधार मनात धरून करावी.

विक्रेता प्रथम मेगापिक्सेल सांगतो. २०२३ मध्ये आलेला कॅनन आर-५० हा २४ मेगापिक्सेलचा, वजन सुमारे ३७५ ग्रॅम; पण हाताचा कंप सावरणारी यंत्रणा कॅमेऱ्यात नाही, ती लेन्समधून मिळवावी लागते. ऑलिंपसचा ई-एम१० मार्क ४ (२०२०) केवळ २० मेगापिक्सेलचा, सेन्सरही लहान. तरी ही यंत्रणा त्याच्या अंगातच आहे. दगड हलत नाही, त्यामुळे शटर अधिक वेळ उघडे ठेवता येते. घरची लग्नकार्येच टिपायची असतील तर हिशेब बदलतो, कारण हलणाऱ्या माणसाला ही यंत्रणा सावरू शकत नाही.

तेथे लेन्सच कामास येते. एफ/३.५ च्या तुलनेत एफ/१.८ ची लेन्स जवळपास चौपट प्रकाश घेते. सगळी रक्कम कॅमेऱ्यात घालून लेन्ससाठी काही न उरवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. शिवाय दोन्ही कॅमेऱ्यांत आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर आहे. देवळात पूजा चालू असता हा गुण लहान नव्हे.