बंदूक न वळवता पाहणे

(थ्रेड)

१/ आजच्या थ्रेडमध्ये गड नाहीत, ताम्रपट नाहीत, बखरीही नाहीत. विषय आहे व्हिडिओ गेमचा, आणि त्यातही एका अल्पायुषी सोयीचा. कन्सोलवरील शूटर खेळांत खेळाडूच्या डोक्याची हालचाल टिपून पडद्यावरील नजर वळवण्याची ती सोय. तिला हेड ट्रॅकिंग म्हणतात. दहा-बारा वर्षांपूर्वी ती दिवाणखान्यात आली आणि फारसा गाजावाजा न होता निघूनही गेली. तिच्या जाण्याबरोबर नेमके काय गेले, हे मला सांगायचे आहे.

२/ आरंभ थोडा मागून करू. १९९२ मध्ये ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आला, १९९३ मध्ये ‘डूम’. पडद्याच्या तळाशी मधोमध एक बंदूक आणि तिच्या रोखाने पसरलेले जग, अशी या खेळांची मांडणी. येथे खेळाडूला स्वतंत्र मान नाही. जिकडे बंदूक तिकडे नजर. त्या काळच्या संगणकाची मर्यादा पाहता ही तडजोड समजण्यासारखी होती. पण तडजोडीचा पुढे संकेत झाला, आणि संकेत एकदा रूढ झाला की तो कृत्रिम आहे हे कुणाला आठवत नाही.

३/ कन्सोलवर हा संकेत अंगठ्यांत उतरला. प्लेस्टेशनवरील ‘एलियन रेझरेक्शन’ या २००० सालच्या खेळात एका काठीने चालायचे आणि दुसऱ्या काठीने पाहायचे अशी रचना होती. तेव्हा ती विचित्र वाटल्याची टीका झाली. पुढच्याच वर्षी ‘हेलो’ आला आणि हीच रचना सर्वमान्य झाली. तेव्हापासून उजवा अंगठा म्हणजे मान, आणि मान म्हणजेच बंदुकीची नळी.

४/ याचा परिणाम सूक्ष्म आहे. अशा खेळात सोबत्याकडे पाहायचे तर त्याच्यावर बंदूक रोखावीच लागते. ‘हाफ-लाइफ २’ (२००४) च्या रचनाकारांनी यावर तोड काढली. क्रॉसहेअर मित्रावर आला की पात्र शस्त्र आपोआप खाली करते. तोड सुरेखच आहे, पण ती का लागली याचा विचार करा. पाहणे आणि नेम धरणे या दोन क्रिया एकच होऊन बसल्या होत्या, म्हणून सभ्यतेचा एक वेगळा नियम खेळात लिहावा लागला.

५/ नजर आणि शस्त्र यांची ही सांगड खेळांनीच घातली असे मात्र नाही. प्रत्यक्ष युद्धतंत्रातही हीच ओढ दिसते. १९८० च्या दशकात सेवेत आलेल्या अमेरिकी अपाची हेलिकॉप्टरची तोफ वैमानिकाच्या शिरस्त्राणाशी जोडलेली असते. त्याने मान वळवली की तोफेचे तोंड त्याच दिशेला वळते. सोव्हिएत मिग-२९ च्या वैमानिकाच्या शिरस्त्राणावरही असाच दर्शक होता, आणि त्याच्या नजरेच्या रोखाने क्षेपणास्त्राला लक्ष्य दाखवता येई.

६/ आपल्याकडील दुवा सांगतो. मिग-२९ विमाने १९८७ मध्ये भारतीय हवाई दलात दाखल झाली आणि पुढे पुण्याच्या लोहगाव तळावरही होती. अपाची हेलिकॉप्टर सप्टेंबर २०१९ मध्ये पठाणकोटला हवाई दलात आले. म्हणजे डोक्याच्या हालचालीचा माग घेणारे यंत्र गेमच्या दुकानात पोहोचण्याच्या कितीतरी आधी पुण्याच्या आकाशातून गेलेले असणार.

७/ या तंत्राची दुसरी, निःशस्त्र परंपराही आहे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचा पडदा सादर केला. तो इतका जड होता की छतापासून टांगावा लागे. मान हलली की त्या हालचालीचे मोजमाप होई आणि रेषांनी काढलेली आकृती त्यानुसार बदले. येथे नजर फक्त नजर होती. पुढचा सारा इतिहास या दोन परंपरांमध्ये हेलकावे खातो असे मला वाटते. एका परंपरेत डोके वळते ते शस्त्र वळवण्यासाठी, दुसरीत केवळ पाहण्यासाठी.

८/ घरगुती संगणकावर २००१ पासून ‘ट्रॅकआयआर’ हे उपकरण मिळू लागले. टोपीवर प्रकाश परावर्तित करणाऱ्या खुणा लावायच्या आणि पडद्यावर बसवलेला अवरक्त कॅमेरा त्या टिपत राहतो. विमानांचे खेळ खेळणाऱ्यांत ते रुजले. त्यातली मुख्य युक्ती हालचाल वाढवून दाखवण्याची आहे. मान थोडीशी वळली तरी पडद्यावरील नजर पुष्कळ वळते. कारण पडदा जागचा हलत नाही, आणि मान खरोखरच खांद्यापर्यंत वळवली तर पडदाच दिसेनासा होईल.

९/ कन्सोलच्या बाबतीत डिसेंबर २००७ हा महत्त्वाचा टप्पा. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधक जॉनी ली यांनी निन्टेन्डो वीचा रिमोट दूरचित्रवाणी संचापाशी ठेवला आणि अवरक्त दिवे स्वतःच्या डोक्यावर लावले. यंत्राची नेहमीची मांडणी त्यांनी उलटी केली होती. डोके डावी-उजवीकडे नेले की सपाट पडदा खिडकीसारखा खोल दिसू लागे. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. ली पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि किनेक्टच्या कामात सहभागी झाले.

१०/ किनेक्ट नोव्हेंबर २०१० मध्ये बाजारात आला. डोक्यावर काही लावायचे नाही, हातात काही धरायचे नाही. खोलीत अवरक्त ठिपक्यांचे न दिसणारे जाळे टाकून तो वस्तूंचे अंतर मोजत असे आणि त्यातून माणसाचा सांगाडा ओळखत असे. २०११ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ४’ या शर्यतीच्या खेळात मान वळवून गाडीतून बाजूला पाहता येई. २०१२ च्या ‘स्टील बटालियन: हेवी आर्मर’मध्ये रणगाड्याच्या आतील कामे हातवाऱ्यांनी करायची होती, त्या खेळावर समीक्षकांनी सडकून टीका केली.

११/ मग नोव्हेंबर २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन आणि त्याच्यासोबत सुधारित किनेक्ट आला. नवा संवेदक प्रकाशाला जाऊन परतायला लागणाऱ्या वेळावरून अंतर काढत असे. त्याच दिवशी ‘बॅटलफील्ड ४’ची एक्सबॉक्स वन आवृत्ती निघाली. तिच्यात किनेक्टला तोंडी आज्ञा देता येत, अंग झुकवून आडोशाबाहेर डोकावता येई, आणि वाहनात बसलेले असताना मान वळवून आजूबाजूला पाहता येई.

१२/ आता माझा संबंध सांगतो. माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेत होता. २०१५ मध्ये तो परतला तेव्हा हे यंत्र त्याने आमच्या घरी आणून ठेवले. मी तेव्हा शाळेत होतो. आमची बैठकीची खोली दहा बाय बाराची. किनेक्टला माणूस दिसायला अंतर लागते, म्हणून दिवाण भिंतीला टेकवायचा, टीपॉय स्वयंपाकघरात न्यायचा, असा सगळा सरंजाम रोज संध्याकाळी होई. आजी देवघराकडे निघाली की खेळ थांबवून तिला वाट द्यायची. ती एकदा म्हणाली, “बसल्या जागी माना कसल्या वेळावतोस रे?”

१३/ उत्तर मला तेव्हा देता आले नव्हते. रणगाड्यात किंवा विमानात बसलो असताना मी मान किंचित वळवली की बाजूची टेकडी दिसे, शेजारून जाणारे आपल्याच बाजूचे वाहन दिसे. समोरचे शस्त्र मात्र समोरच राही. त्या खेळात मी शेकडो तास घालवले असतील; पण नेम न धरता कशाकडे नुसते पाहिल्याचे जे क्षण आठवतात, ते बहुतेक सगळे या मान वळवण्याचे आहेत. दादाला हे सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, “तू पाहत बसतोस, म्हणून तर मरतोस.” तेही खोटे नव्हते.

१४/ ही सोय टिकली का नाही? एक कारण तांत्रिक. पडदा स्थिर आणि मान चल, हा विरोध हालचाल वाढवून दाखवल्याने झाकला जातो, मिटत नाही. शिवाय दिवाणखान्यातला माणूस लोडाला टेकतो, पाय वर घेतो, चहाचा कप उचलतो. यातली कोणती हालचाल हेतुपूर्वक आणि कोणती सहज, हे यंत्राने कसे ठरवावे? आणि चकमकीच्या खेळात क्षणार्धाचाही विलंब परवडत नाही. अंगठा तेथे मानेपेक्षा चपळ ठरतो.

१५/ दुसरे कारण राजकीय, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे असे. एक्सबॉक्स वनची घोषणा २१ मे २०१३ रोजी झाली. तेव्हा किनेक्ट जोडल्यावाचून हे यंत्र चालणार नाही असे ठरले होते, आणि हाक मारताच यंत्र जागे होणार असल्याने त्याचे कान सदैव उघडे असणार होते. पुढच्याच महिन्यात एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतयंत्रणेची कागदपत्रे उघड केली. घरात कॅमेरा आणि ध्वनिग्राहक बसवून घ्यायला याहून वाईट मुहूर्त सापडला नसता. ऑगस्टमध्ये सक्ती मागे घेतली गेली.

१६/ तरी किनेक्ट खोक्यातून येतच होता, आणि त्यामुळे यंत्राची किंमत अमेरिकेत ४९९ डॉलर होती. प्रतिस्पर्धी प्लेस्टेशन ४ ची ३९९. जून २०१४ मध्ये किनेक्टविना ३९९ डॉलरचे यंत्र विक्रीस आले. त्याच सुमारास किनेक्टसाठी राखून ठेवलेली सुमारे १० टक्के चित्रणशक्तीही खेळ बनवणाऱ्यांना मोकळी करून देण्यात आली. भारतात एक्सबॉक्स वन अधिकृतपणे आला तो सप्टेंबर २०१४ मध्ये, म्हणजे ही फारकत झाल्यानंतर. येथल्या बहुतेक खेळाडूंना ही सोय माहीत नसण्याचे एक कारण हेच असावे.

१७/ ऑक्टोबर २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. पण तंत्र संपले नाही. पहिल्या किनेक्टमागील इस्रायली कंपनी प्राइमसेन्स ॲपलने २०१३ मध्येच विकत घेतली होती. २०१७ च्या आयफोन टेनमध्ये चेहरा ओळखण्यासाठी अवरक्त ठिपक्यांचे तसेच जाळे वापरलेले दिसते. दिवाणखान्यात ज्या डोळ्याचा संशय आला, तोच लहान होऊन खिशात आला आणि आपण त्याला दिवसातून कितीतरी वेळा तोंड दाखवू लागलो.

१८/ शूटर खेळांपुरते पाहिले तर सदरलँडची परंपरा अखेर डोक्यावरच्या पडद्यातून परतली. ऑक्टोबर २०१६ मध्ये प्लेस्टेशन व्हीआर आला. त्याच्या शिरोभागावरील दिवे टीव्हीजवळचा कॅमेरा टिपत असे. पडदाच मानेबरोबर फिरू लागल्याने जुना विरोध मिटला. २०१७ च्या ‘फारपॉइंट’मध्ये हातात बंदुकीच्या आकाराचा कंट्रोलर आणि डोक्यावर नजर, अशी दोन्हींची फारकत झाली. मात्र त्यासाठी खोलीतल्या इतर माणसांकडे पाठ फिरवावी लागते. तेथे आजी मधून गेलेली दिसत नाही.

१९/ आता इतिहासाकडे. खेळाची तबकडी जपता येते, यंत्र काचेच्या कपाटात ठेवता येते, जाहिराती अभिलेखागारात लावता येतात. पण त्या वेळी माणसे कशी बसत, मान किती वळवत, कशाकडे पाहत, याचे दफ्तर कुठेच लागत नाही. २०२० च्या एक्सबॉक्स सिरीज एक्सवर किनेक्ट चालत नाही. नव्या यंत्रात तबकडी घातली तर खेळ सुरू होईल, ती नजर परतणार नाही. जात्यावरच्या बैठकीची, बोरू धरण्याची, पखाल उचलण्याची पद्धत आपण आज चित्रांवरून आणि आठवणींवरून जुळवतो. आपल्याच पिढीच्या काही हालचाली त्या रांगेत इतक्या लवकर जाऊन बसल्या आहेत.

२०/ आणि म्हणून एक विनंती. आपल्यापैकी कुणी किनेक्टवर, वीवर किंवा ट्रॅकआयआर लावून खेळले असेल, तर खेळाचे नाव सांगून थांबू नका. खोली केवढी होती, कुठे बसत होता, घरातले काय म्हणत, मान वळवल्यावर पहिल्यांदा काय दिसले, हे खाली लिहा. तारखा आणि किमती कुठेही सापडतील. बाकीचे सांगायला सध्या तरी आपणच आहोत.