ट्रेलर घेताना

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील पाच कुटुंबांनी एक विचार केला. पाचांपैकी एकाजवळ ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. त्याच्यामागे जोडावयास मात्र काही नाही. शेणखत, भाताची पोती, पिंजर, घरासाठी चिरे व वाळू यांची सारी ने-आण भाड्याच्या ट्रेलरने करावी लागे, आणि सुगीच्या दिवसांत भाडे देऊनही तो वेळेवर मिळत नसे. तेव्हा पाचांनी मिळून स्वतःचा ट्रेलर घ्यावा असे ठरले. पैसे आमच्या कपाटात ठेवले गेले, व पैशांबरोबर सल्ला देण्याचे कामही आमच्याकडे आले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. ट्रेलरविषयी तेथे कोणी काही शिकविले नाही. परंतु आम्ही शेतकऱ्याच्या घरचे, बैलगाडीच्या साटीत वाढलेले. शिवाय या विषयात बोलण्यास आम्हांस दुसरेही एक कारण आहे; ते पुढे सांगू.

कारखान्याच्या अंगणात उसाचा एक जुना चारचाकी ट्रेलर विक्रीस उभा होता. तो पाहताच आमच्यातील एकजण म्हणाले, "फादर, स्वस्तात मिळतोय, तर मोठाच घेऊ की! वेळेला ऊससुद्धा नेता येतोय." आम्ही विचारले, पाच घरांपैकी ऊस किती जणांचा? दोघांचा, आणि तोही साखर कारखान्याच्या ठेकेदाराचीच वाहने येऊन नेतात. म्हणजे जे काम दुसरा करतो त्याच्यासाठी हे धूड घ्यावयाचे, आणि रोजच्या कामाला अडचण करून ठेवावयाची! चारचाकी ट्रेलर वाईट नव्हे. त्याचा सर्व भार त्याच्याच चाकांवर असतो, ट्रॅक्टर सोडला तरी तो सरळ उभा राहतो, आणि सडकेवर तो पुष्कळ माल नेतो. परंतु त्याची पुढील चाके दांडीबरोबर वळतात. त्यामुळे तो मागे घेताना अनुभवी चालकासही घाम फुटतो. आमच्या खानापूरकडील पाणंदी अरुंद, दोन्ही बाजूंस बांध. दुचाकी ट्रेलर तेथे सहज वळतो. त्याचा थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, व त्या दाबाने चिखलात ट्रॅक्टरच्या मागील चाकांस पकड मिळते. आमचे मत दुचाकीकडे पडले.

त्यानंतर मापाचा प्रश्न आला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व दीड फूट उंचीचा हौदा ९० घनफुटांचा होतो; म्हणजे एक ब्रासला दहा कमी. पिंजर भरले तर हौदा ओसंडून वाहील व वजन काहीच होणार नाही. शेणखत भरले तरी दोन टनांच्या आतच राहील. परंतु तोच हौदा वाळूने काठोकाठ भरला तर भार चार टनांच्या घरात जातो. चिऱ्यांचे वजन तर त्याहूनही अधिक. ट्रेलर असतो तीन टनांचा, त्याचे रिकामे वजन टनाच्या आसपास निराळेच, आणि ओढणारा ट्रॅक्टर लहान. हौद्यात मावते ते सारे आखाला पेलते असे नाही. म्हणून आम्ही हौद्याच्या आतल्या बाजूस एक फूट उंचीवर लाल पट्टा ओढवून घेतला. वाळू तेथपर्यंतच.

आता ते दुसरे कारण. २०११ साली आम्ही एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. शेजारच्या गावच्या सणास जावयाचे होते, आणि बस नव्हती. "ट्रेलर आहे की, फादर," असे लोक म्हणाले, व आम्ही हो म्हटले. इतकेच नव्हे, तर आम्हीच मुलांना मागच्या बाजूस बसविले, वाऱ्यावर बसतील म्हणून. बैलगाडी हाकणाऱ्यास उलाळ काय ते ठाऊक असते: भार आखाच्या मागे गेला की जू वर उचलते. आम्हांसही ते ठाऊक होते, पण गाण्यांच्या नादात स्मरले नाही. चढावर दांडी वर उचलली. हुकाच्या पिनेस खालून अडकण नव्हती, कोणी तारेचा तुकडा अडकविला होता. पिन निसटली, ट्रेलरचे शेपूट जमिनीस टेकले, व पोरे घसरून सडकेवर पडली. एका मुलाचा पाय मोडला. मागून एखादा ट्रक येत असता तर काय झाले असते, हा विचार आजही आम्हांस सोडीत नाही. त्याच्या आईने आम्हांस दोष दिला नाही, आणि तेच अधिक जड गेले.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूर जिल्ह्यात देवदर्शनाहून परतणारी ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटून २६ माणसे गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कासगंज येथे गंगास्नानास निघालेल्यांची ट्रॉली अशीच तळ्यात गेली. वीसहून अधिक बळी पडले, त्यांत लेकरे होती. ही सारी भाविक माणसेच. शेतमालाच्या ट्रेलरात माणसे बसविण्यास कायद्याची परवानगी नाही, आणि अपघात झाल्यास विम्याचाही भरवसा राहत नाही.

असो. पिनेची अडकण व जोडीस सुरक्षासाखळी यांवर आम्ही अडून बसलो. मागे तांबडे रिफ्लेक्टर घेतले, कारण रात्री सडकेकडेला उभा असलेला काळोखा ट्रेलर दुचाकीस्वारास दिसतच नाही. ट्रेलरला स्वतंत्र क्रमांक लागतो, तोही काढला. चालकास दोन गोष्टी बजावल्या: सडकेवर ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक-पायटे एकमेकांस अडकवून ठेवावयाचे, नाहीतर एकच चाक थांबून ट्रॅक्टर फिरतो; आणि उतारावर गिअर काढावयाचा नाही.

हौदा उचलून माल ओतणारा प्रकार घ्यावा की साधा, यावर वाद झाला. त्याला अधिक पैसे पडत होते, म्हणून पुरुषमंडळी नको म्हणत होती. तेव्हा एक बाई उठून म्हणाल्या, "खत उतरवताना पाट्या कोण वाहतंय? मान आमची मोडते." वाद तेथेच संपला. मात्र उचललेल्या हौद्याखाली कोणी जाऊ नये, व तो सपाट जागीच उचलावा, हे सर्वांस सांगून ठेवले आहे.

मे महिन्यात शेजारच्या गावचा सण आला. नवा ट्रेलर धुऊन, फुले बांधून चर्चसमोर आणून उभा केला होता. आम्ही तो परत पाठविला व भाड्याची बस मागविली. तिकिटाचे पैसे ज्याचे त्याने दिले. एक आजी अजूनही आमच्याशी नीट बोलत नाहीत.