एका उतारावर तीन हवामानं

खारघरच्या डोंगरावर मार्चमध्ये एकाच उतारावर तीन हवामानं शेजारी शेजारी नांदतात, हे कळल्यापासून मला घरात बसवत नाही! वणव्यानं काळा केलेला एक पट्टा, पाड्यावरच्या गुरांनी चरलेला दुसरा आणि गुडघाभर वाळक्या गवताचा तिसरा.

भर दुपारी हात लावून पाहा. काळ्या पट्ट्यावर हात ठरत नाही. राख ऊन पिते, सावली उरलेली नसते, वारा थेट मातीला भिडून उरलीसुरली ओल नेतो. पलीकडच्या गवताच्या ठोंबात हात घातला, तर बुंध्याशी चक्क गारवा! नाकतोडे, कोळी सगळे तिथंच दडलेले. रात्री उलटं: उघडी जमीन दिवसाची ऊब भराभर गमावते, गवताखालची सावकाश.

मधला पट्टा तर कमालच. गुरं एक ठोंब बुडापासून खातात, दुसऱ्याचे नुसते शेंडे, त्यामुळे वीतभर अंतरावर ऊनसावली बदलते. आणि आगीला खायलाच फारसं उरत नाही! वणव्याची काळी कड गुरांच्या वाटेवर येऊन थबकलेली पाहिली आणि मी टाळीच वाजवली. आग अडवायला वन खातं जाळरेषा काढतं, ही खुरांनी आखलेली. अर्थात चराई अति झाली, तर खुरांखाली माती घट्ट होते, पाऊस मुरत नाही.

पण वेड लावलं ते गवताच्या कुसळानं. पायमोज्यातून काढलेलं एक तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब सोडला, तर त्याचा पीळ उलगडत ते चक्क फिरायला लागलं! ओल मिळाली की उलगडायचं, सुकलं की पुन्हा पीळ घालायचा. या फिरण्यातूनच त्याला जोडलेलं टोकदार बी मातीत शिरतं. वर वणवा भडकला तरी काही सेंटिमीटर खाली आच फारशी पोचत नाही, बी सुखरूप.

पण बी वाचतं म्हणून दरवर्षी तोच उतार पेटवणं मला मुळीच मान्य नाही. झाडांची रोपं वाढण्याआधीच जळतात, जमिनीवरची घरटीही.

आफ्रिकेत क्रूगर उद्यानात १९५४ पासून आखलेल्या तुकड्यांना वेगवेगळ्या कालांतरानं आग लावून अभ्यास चाललाय. तिकडच्या गवताळ रानांत जळालेल्या जागी कोवळा पाला फुटतो, जनावरं तिकडे वळतात, तिथलं गवत खुरटं राहतं. मग पुढचा वणवा न चरलेल्या जागी पेटतो. खारघरला पहिल्या पावसानंतर गुरं काळ्या पट्ट्याकडेच वळतात का, हे मला बघायचंय. तुम्हीही चला!