दोन सख्ख्या बोटी



५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. १९६४ पासून तो आपल्या देशात पाळला जातो. शाळेत मात्र तो नेमका वार्षिक परीक्षेच्या धामधुमीत येतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात ‘दिनविशेष’ म्हणून एक ओळ लिहिली की संपतो. १९१९ साली या दिवशी ‘लॉयल्टी’ ही भारतीय मालकीची बोट मुंबईहून लंडनला निघाली, अशी ती ओळ. यंदा सातवीतल्या एका मुलाने विचारले, “ती बोट तर जुनी, वापरलेली होती ना? मग तिचा दिवस कशाला?” प्रश्न रास्त होता. विषय आमच्या गावाशी जोडलेला आहे, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितो.

आम्ही मूळचे ग्वाल्हेरचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि पदवीपर्यंतचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून. (आमच्या सूचनापत्रांतले ऱ्हस्व-दीर्घ अजूनही मराठीच्या बाई तपासून देतात, त्यांचे या निमित्ताने आभार.) शिंदे सरकारांच्या रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या गोष्टी लहानपणी खूप ऐकल्या. पण समुद्रापासून इतक्या दूरच्या ग्वाल्हेरच्या राजाकडे आगबोट होती, हे कळले तेव्हा आम्हाला ती थापच वाटली होती.

थाप नव्हती. कॅनडातल्या कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीची लाईन व्हँकुव्हरला समुद्रापाशी संपत असे. पुढे जपान व चीनपर्यंत टपाल, रेशीम आणि उतारू नेण्यासाठी कंपनीने इंग्लंडमधील बॅरो येथे तीन बोटी बांधून घेतल्या : ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, ‘एम्प्रेस ऑफ जपान’ आणि ‘एम्प्रेस ऑफ चायना’. १८९१ साली तिन्ही कामाला लागल्या. प्रत्येक सुमारे ४५५ फूट लांब, सुमारे ५,९०० टनांची. पांढरा रंग, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, वेग १६ नॉट. थोडक्यात, सख्ख्या बहिणी. तिसरी बहीण १९११ साली जपानच्या किनाऱ्यालगत खडकावर आदळून गेली. राहिल्या दोघी, त्यांचीच ही तुलना.

पहिल्या वीसेक वर्षांचे प्रगतिपुस्तक पाहिले तर ‘जपान’ पहिली आणि ‘इंडिया’ मागे, यात शंका नाही. प्रशांत महासागर सर्वांत वेगाने ओलांडण्याचा मान ‘जपान’ने मिळवला आणि वीस वर्षांहून अधिक काळ राखला. आराखडा तोच, कारखाना तोच, तरी ती जास्त पळाली. ‘इंडिया’च्या नावावर तसा विक्रम नाही. उलट १९०३ साली तिची एका चिनी लढाऊ जहाजाशी टक्कर झाली आणि ते जहाज बुडाले. म्हणजे शेराही लाल शाईतलाच.

पण एक नोंद त्या प्रगतिपुस्तकात बसत नाही. १८९३ च्या जुलैत योकोहामा बंदरातून ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’वर एक तरुण संन्यासी चढला. अंगात मुंबईच्या हवेला पुरेसे कपडे, गरम कपडा नाही. प्रशांत महासागरावर तो थंडीने गारठून गेला. हे स्वामी विवेकानंद. वर्षभरापूर्वी, १८९२ च्या एप्रिलमध्ये, ते आपल्या बडोद्यात येऊन गेले होते. त्याच बोटीवर जमशेटजी टाटाही होते. त्यांचा जन्म नवसारीचा, आणि नवसारी तेव्हा गायकवाड सरकारच्या राज्यात होती. १८९८ साली टाटांनी स्वामीजींना पत्र लिहून विज्ञान-संशोधनाच्या संस्थेची आपली कल्पना कळवली, तेव्हा सुरुवातीलाच जुन्या सहप्रवासाची आठवण दिली. तीच कल्पना पुढे बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था झाली. आता यात बोटीचे कर्तृत्व काय, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. तिने फक्त दोन माणसांना काही दिवस एकत्र ठेवले. शाळा तरी याहून फार वेगळे काय करते, असे आम्हाला कधी कधी वाटते.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि दोघींच्या वाटा फुटल्या. ‘जपान’वर तोफा चढल्या. युद्धनौका म्हणून काम करून ती पुन्हा आपल्या जुन्या मार्गावर परतली. ‘इंडिया’ मात्र त्याच सुमारास विकली गेली. घेणारे होते ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. तिच्यावर खाटा घातल्या गेल्या, शस्त्रक्रियेची सोय झाली आणि ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा, हे नवे नाव घेऊन ती हिंदी सैनिकांचे तरते इस्पितळ बनली. इतर संस्थानिकांनीही खर्चाला हात लावला. निष्ठा अर्थातच इंग्रज बादशहाशी, ते आम्ही लपवत नाही.

पुढची गंमत पहा. युद्ध संपल्यावर हीच बोट वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी मंडळींनी विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. कंपनीचे नाव शिंद्यांवरून. वालचंद सोलापूरचे, त्यांचे घराणे गुजरातेतून तिकडे जाऊन स्थायिक झालेले, म्हणजे आपल्या बडोदेकर मराठी मंडळींच्या उलट दिशेचे प्रवासी. ५ एप्रिल १९१९ रोजी बोट लंडनला निघाली तेव्हा वालचंद स्वतः तिच्यावर होते. ‘राजनिष्ठा’ हे नाव कपाळावर तसेच ठेवून तिने इंग्रज बोट कंपन्यांच्या मक्तेदारीला टक्कर द्यायला सुरुवात केली.

इथे मुलांनी एक ध्यानात ठेवावे. परदेशी जाणारी ही काही पहिलीच स्वदेशी बोट नव्हे. त्याआधीच तुतिकोरिन-कोलंबो मार्गावर चिदंबरम पिळ्ळै यांच्या स्वदेशी कंपनीच्या बोटी धावल्या होत्या, आणि त्या देशभक्ताला पुढे तुरुंगात कोलू ओढावा लागला. दिनविशेषाच्या एका ओळीत एवढे मावत नाही.

सातवीतल्या मुलाचे म्हणणे हिशेबाने खरेच होते. तिशीकडे झुकलेली बोट, उतारूंसाठी बांधलेली, मालाला जागा कमी. धंद्याच्या दृष्टीने सौदा चांगला नव्हता. १९२३ साली ती मुंबईतच मोडीत निघाली. त्याच वर्षी कंपनीला इंग्रज कंपन्यांशी करार करून किनाऱ्यावरच्या वाहतुकीपुरते राहावे लागले. ‘जपान’ १९२६ साली व्हँकुव्हरला मोडली गेली. तिच्या नाळेवरचा लाकडी ड्रॅगन तिथल्या लोकांनी जपून ठेवला आहे. त्याची प्रतिकृती स्टॅनली पार्कमध्ये उभी आहे आणि मूळ ड्रॅगन तिथल्या सागरी संग्रहालयात आहे. ‘लॉयल्टी’ची मात्र एक तारीख राहिली. आणि तिच्या कंपनीने विशाखापट्टणमला गोदी बांधली, जिथून १९४८ च्या मार्चमध्ये ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले.

हे सारे आठवण्याचे कारण आणखी एक आहे. आपल्या संस्थेच्या एकाच आवारात मराठी माध्यमाचा विभाग आहे आणि इंग्रजी माध्यमाचाही. मैदान एक, घंटा एक, चित्रकलेचे सरसुद्धा तेच. दर वर्षी विश्वस्तांपुढे जो तक्ता जातो, त्यात दोघांचे आकडे शेजारी शेजारी असतात : पटसंख्या, निकाल, फी, खर्च. मराठी विभागाचा पट वर्षागणिक उतरतो आहे. येत्या जूनमध्ये पहिलीचा वर्ग उघडायचा की नाही, हा प्रश्न मंडळापुढे आहे. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, मराठी शाळेत नोकरी केली आणि सह्या करतो इंग्रजीत. तेव्हा माध्यमाच्या नावाने गळा काढण्याचा अधिकार आम्हाला नाही. इंग्रजी विभागाची मुले आमचीच आहेत आणि त्यांच्या विक्रमांचा आम्हाला आनंदच आहे. विश्वस्तांना पैशाचा हिशेब ठेवावाच लागतो, हेही मान्य. फक्त ‘जपान’ आणि ‘इंडिया’ यांचा असाच तक्ता १९१३ साली कोणी मांडला असता, तर त्यातला एकही आकडा चुकीचा नसता. आणि १९१९ त्यात नसते.

म्हणून यंदाच्या तक्त्यात आम्ही एक रकाना वाढवला आहे : शाळा सोडून दहा वर्षे झाल्यावर विद्यार्थी कुठे आहे व काय करतो आहे. दोन्ही विभागांसाठी. नर्सिंगला गेलेली, टेम्पो चालवणारा, अलकापुरीत दुकान थाटलेला, परदेशी गेलेला, सगळे त्यात यावेत. पगार विचारलेला नाही. कोरे कागद कार्यालयात ठेवले आहेत. पालकांनी आपल्या ओळखीच्या माजी विद्यार्थ्यांची माहिती शनिवारी सकाळी ८ ते ११ या वेळात आणून द्यावी. बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे, आणि मराठी विभागाच्या १९९८ पूर्वीच्या तुकड्यांचे कागद अजून जवळजवळ रिकामेच आहेत.