स्विचच्या आतली चिप कोणाची?

वायफायवर चालणारं कुठलंही उपकरण घरात बसवण्याआधी मी दोन गोष्टी बघतो: आत चिप कुठली आहे, आणि तिच्यातला प्रोग्रॅम मला बदलता येतो का. ॲप किती देखणं आहे, आवाज दिला की दिवा लागतो का, हे सगळं त्यानंतर. अशी उपकरणं उघडून, जोडून, वापरून माझं एक मत पक्कं झालं आहे. अशा असंख्य उपकरणांत सापडणारी ईएसपी8266 ही चिप घराघरांत पोचली ती स्वस्त होती म्हणून, पण घरमालकाच्या हातात आली ती तिच्यातला प्रोग्रॅम बदलण्याची वाट उघडी राहिली म्हणून. स्वस्ताई अजून टिकून आहे. ती वाट मात्र बुजत चालली आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

2014 साली शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी8266 ही चिप बाजारात आली. एआय-थिंकर या कंपनीने तिच्यावर बनवलेलं ईएसपी-01 हे आठ पिनांचं मॉड्यूल सुमारे 5 डॉलरला मिळू लागलं. तोवर वायफायचं मॉड्यूल घ्यायचं तर त्याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागत. ही किंमत आली कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे. 32 बिटांचा प्रोसेसर, रेडिओ, सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर, अँटेना पाठवण्याकडून ऐकण्याकडे वळवणारा स्विच, हे सगळं एस्प्रेसिफने पाच मिलिमीटर चौरसात बसवलं. बाहेर उरले एक क्रिस्टल, एक फ्लॅश मेमरी आणि किरकोळ सुटे भाग. अँटेना तर पीसीबीवरच्या तांब्याची वळणदार रेघ. पण सुरुवातीला ही चिप नुसतं मोडेम म्हणून विकली जात होती. दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरने तिला एटी कमांड द्यायच्या आणि तिने हुकूम पाळायचा. माहितीपत्रकं चिनी भाषेत होती, ती हौशी मंडळींनी खपून समजून घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कंपनीने एसडीके, म्हणजे चिपसाठी प्रोग्रॅम लिहिण्याची साधनं, खुला केला, पाठोपाठ नोडएमसीयू हे फर्मवेअर आलं, 2015 मध्ये आर्डुइनोमधून प्रोग्रॅम लिहिण्याची सोय झाली आणि दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरची गरजच संपली. माझ्या मते या चिपच्या इतिहासातला खरा टप्पा तो ऑक्टोबर आहे. तिची किंमत तर त्याआधीच उतरलेली होती.

वाट उघडी असणं म्हणजे प्रत्यक्षात काय, ते याच चिपवर चालणारा सोनॉफ बेसिकसारखा साधा रिले-स्विच उघडला की दिसतं. पीसीबीच्या कडेला पिना न बसवलेली भोकांची एक ओळ असते: 3.3 व्होल्ट, आरएक्स, टीएक्स, ग्राउंड. तिथे यूएसबी-सीरियल अडॅप्टरच्या तारा जोडायच्या, बटण दाबून ठेवत वीज द्यायची, की चिप नवा प्रोग्रॅम घ्यायला तयार. या वेळी घरातली 230 व्होल्टची लाइन पूर्ण सुटलेली हवी, कारण हा बोर्ड मेन्सपासून विलग केलेला नसतो. इथली हयगय जिवावर बेतते. अडॅप्टर अशक्त असेल तर रेडिओ चालू होताक्षणी चिप रिसेट होते. सुरू होताना ती जे संदेश पाठवते ते नेहमीच्या 115200 वेगाला निव्वळ कचरा दिसतात; वेग 74880 ठेवला की स्वच्छ वाचता येतात. या विचित्र आकड्याचं मूळ 26 मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलमध्ये आहे. एवढं जमलं की 2016 पासून वाढत गेलेलं टास्मोटा किंवा 2018 मध्ये सुरू झालेलं ईएसपीहोम हे पर्यायी फर्मवेअर त्यात घालता येतं, आणि मग तो स्विच घरातल्या राउटरपलीकडे कुणालाही काही विचारत नाही.

याची गरज काय, याचं उत्तर कंपन्यांनीच देऊन ठेवलं आहे. रिव्हॉल्व्ह हा घरातली उपकरणं जोडणारा सुमारे 300 डॉलरचा हब, तो बनवणारी कंपनी नेस्टने विकत घेतल्यावर, मे 2016 मध्ये कायमचा बंद करण्यात आला. यंत्र धडधाकट होतं, फक्त सर्व्हर काढून घेतला गेला. एप्रिल 2022 मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर ग्राहकांना पूर्वसूचना न देता थंडावले. आपल्याकडे तर कंपनी बुडायचीही गरज नसते. गावात वीज परत येते आणि इंटरनेट मागाहून कधीतरी येतं. मधल्या वेळात दूरच्या सर्व्हरवर विसंबलेलं ॲप घरातल्या घरात मोटर बंद करू शकत नाही.

सामान्य माणूस थोडाच सीरियल तारा जोडत बसणार, असं यावर म्हटलं जातं. नाही बसणार, आणि बसावंही लागू नये. पण सोसायटीत, वाडीत असं काम येणारा एखादा तरुण असतोच, आणि वाट उघडी असेल तर त्याचं ज्ञान सगळ्यांच्या कामी येतं. ती बंद असेल तर तोही हतबल होतो. तुया या कंपनीच्या प्रणालीवर चालणारी अनेक स्वस्त उपकरणं आधी याच चिपवर होती. त्यांतली सुरक्षेची एक फट 2018 च्या अखेरीस उघड झाली आणि तिच्या आधारे लोक न उघडताच प्रोग्रॅम बदलू लागले. पुढे ती फट बुजवली गेली, आणि नंतरच्या कित्येक उपकरणांत बेकेन या दुसऱ्या कंपनीची चिप आली. खोकं तेच, नाव तेच, आतला मेंदू वेगळा. फट बुजवणं योग्यच होतं. फक्त तिच्या जागी मालकासाठी सरळ दरवाजा ठेवायला हवा होता.

सुरक्षेचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ईएसपी8266 मध्ये सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही केलेलाच प्रोग्रॅम चालू देणारी सोय, नाही. स्विच हाती पडला तर कुणीही त्यात काहीही घालू शकतो. 2016 मध्ये आलेल्या ईएसपी32 मध्ये ती सोय आहे, पण चोराला अडवणारं तेच कुलूप मालकालाही अडवतं. तोडगा कुलूप काढून टाकण्यात नाही, किल्ली मालकाला देण्यात आहे. शिवाय 2016 च्या मिराय या मालवेअरच्या हल्ल्यात हजारो कॅमेरे आणि राउटर वेठीला धरले गेले ते कारखान्यातून आलेल्या ठरावीक पासवर्डमुळे. ते बदलण्याची सोपी सोय अनेक उपकरणांत नव्हतीच. तिथे बंदिस्तपणाने कुणाचं रक्षण केलं? मार्च 2025 मध्ये ईएसपी32 मध्ये चोरदरवाजा सापडल्याची बातमी गाजली. स्वतंत्र जाणकारांनी तपासून दाखवलं की त्या ब्लूटूथच्या अप्रकाशित कमांड होत्या, दुरून आत शिरायचा मार्ग नव्हता, आणि तो दावा करणाऱ्या संशोधकांनाही आपला शब्द सौम्य करावा लागला. ही छाननी इतक्या लवकर झाली, कारण ही चिप आतून ओळखणारे लोक जगभर आहेत. वायफायच्या रेडिओचा कोड एस्प्रेसिफने अजून बंदच ठेवला आहे, हेही सांगितलं पाहिजे. उघडेपणा पुरता नाही, पण आहे तेवढ्याने मोठा फरक पडतो.

एस्प्रेसिफचं एक विकासकेंद्र पुण्यात आहे, त्यामुळे हे ज्ञान आपल्यापासून फार लांबचं नाही. आपल्या स्विचबोर्डातही एक सोय आयती आहे: प्लगपॉइंट त्याच बोर्डावर असल्याने न्यूट्रल सहसा तिथेच मिळतो, आणि भिंत न फोडता असं मॉड्यूल मागे बसतं. मग ग्राहक म्हणून एवढं मागायला हरकत नाही: खोक्यावर व्होल्ट आणि अँपिअर छापतात, त्यांच्याशेजारी चिपचं नाव आणि सर्व्हरशिवाय हे उपकरण काय काय करू शकतं तेही छापलं जावं. वायरलेस उपकरण भारतात विकायला सरकारी मंजुरी लागतेच, त्या वेळी रेडिओची फ्रीक्वेन्सी आणि शक्ती तपासली जाते. त्याच अर्जात हा एक प्रश्न वाढवता येईल.