तिकिटावरचा नंबर

नेकनूरहून आम्ही रात्री दहाला निघालो. शेजारच्या नानांची बोलेरो. पुढे नानांशेजारी मी, मागे आई, आणि तिच्या मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात डिंकाचे लाडू. धाकट्या बहिणीचं हे दुसरं बाळंतपण दिल्लीला सासरीच झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बारसं होतं. २०२४ चा जानेवारी. मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड, आष्टी, कडा, मग नगर. जामखेडला आपण नगर जिल्ह्यात शिरतो आणि आष्टीला पुन्हा बीड जिल्ह्यात येतो. रात्रभर आई खिडकीतून पाट्या बघत होती. तिला वाचता येत नाही, पण गाव मागे पडलं की ती विचारायची, "हे कोणतं?"

आईने उसाच्या फडात कोयता चालवत वीस वर्षं काढली. कोल्हापूर, सांगलीकडचे कारखाने तिला पाठ आहेत. विमानात मात्र ती पहिल्यांदाच बसणार होती. बीडला तेव्हा रेल्वेसुद्धा नव्हती, ती आली १७ सप्टेंबर २०२५ ला. विमान धरायचं तर संभाजीनगर नाहीतर पुणे गाठायचं. म्हणून बीडच्या बाजारातल्या एका दुकानात रोख ₹१३,४०० भरून पुणे-दिल्लीची दोन तिकिटं काढली होती. तिथे रेल्वेचं, विमानाचं, लक्झरीचं, सगळ्यांचं बुकिंग होतं. पोराने कॉम्प्युटरवर नावं, वयं विचारून टाकली. फोन नंबर विचारला नाही, आणि मीही सांगितला नाही.

पहाटे पाचला लोहगाव विमानतळावर पोचलो. नाना गाडी घेऊन परत फिरले. दारातल्या जवानाने तिकिटाचा कागद बघितला आणि हिंदीत सांगितलं की हे विमान रद्द झालंय, बाहेरच्या खिडकीवर विचारा. खिडकीवर आमच्यासारखी चाळीसएक माणसं. आमचा नंबर आला तेव्हा तिथली मुलगी म्हणाली, "सर, काल रात्री नऊ चाळीसलाच मेसेज पाठवलाय." मी फोन काढून दाखवला. मेसेज नव्हता. तिने स्क्रीनवर नंबर बघून वाचला. तो दुकानातल्या पोराचा होता.

नऊ चाळीसला आम्ही घरातच होतो. आई डब्याला फडकं बांधत होती.

मी आईला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पैसे आपुन दिले, जायचं आपल्याला, मंग फोन त्याला कामून केला?"

पुढचे दोन महिने मी या एकाच प्रश्नाच्या मागे फिरलो असं म्हटलं तरी चालेल.

त्या मुलीने दोन पर्याय दिले. परवाच्या विमानात जागा, नाहीतर पैसे परत. परवा जाऊन काय करणार, बारसं आजच. दुसऱ्या कंपनीच्या त्या दिवशीच्या तिकिटाचा भाव विचारला, तर तो आमच्या कुवतीच्या पलीकडे गेलेला. रांगेत मागे एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, घरी जायच्या आधी यांच्याकडून लेखी घ्या. विमान रद्द, आणि रद्द का केलं, हे दोन्ही." मी मास्तर आहे हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे. अर्धा तास थांबून शिक्क्याचा कागद मिळवला. कारणाच्या जागी लिहिलं होतं, ऑपरेशनल रीझन. त्या कागदाचं मोल मला नंतर कळलं.

लाडूचा डबा घेऊन आम्ही एसटीने परत आलो. बारसं व्हिडिओ कॉलवर झालं. आईने मोबाइलसमोर बसून पाळणा म्हटला. मधेच नेट गेलं तेव्हाही ती म्हणत राहिली. तिला कळलंच नव्हतं की पलीकडे आवाज पोचत नाहीये, आणि मी तिला थांबवलं नाही.

मग पैशांचा पाठपुरावा. दुकानदार म्हणाला, पैसे आमच्या वॉलेटमध्ये येतील, पुढच्या तिकिटाला वापरा. मी नियम शोधून वाचला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परताव्याचा नियम सांगतो की पैसे पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवायचे की परत घ्यायचे, हे प्रवासी ठरवील, दुसरं कुणी परस्पर ठरवायचं नाही. क्रेडिट कार्डाने भरले असते तर सात दिवसांत परत मिळायला हवे होते. आमचं तिकीट एजंटकडचं, म्हणून तेव्हाच्या नियमात मुदत कामकाजाच्या तीस दिवसांची. पण जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी धरलेला आहे. हे वाक्य मी छापून दुकानात नेलं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली. पावणेदोन महिन्यांनी ₹१३,४०० पूर्ण मिळाले.

भरपाईचं मात्र वेगळं झालं. विमान रद्द होण्याबद्दल डीजीसीएचा २०१० पासूनचा नियम आहे. चोवीस तास आधीपर्यंत कळवलं तर दुसरं विमान किंवा परतावा, प्रवाशाला जे चालेल ते. त्याच्या आत कळवलं तर वर भरपाईसुद्धा. तासाभराच्या उड्डाणाला ₹५,०००, दोन तासांपर्यंत ₹७,५००, त्याहून लांबच्याला ₹१०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी ते. पुणे-दिल्ली दोन तासांच्या वर. आमचं मूळ भाडं आणि इंधन आकार माणशी ₹५,४००, म्हणजे हक्काचे तेवढे. खराब हवामान, संप, सुरक्षेचा धोका असं कारण असेल तर भरपाई नाही. जानेवारीत दिल्लीला धुकं असतंच, तेव्हा कंपनीला धुक्याकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण शिक्क्याच्या कागदावर धुकं नव्हतं. मला वाटलं, जिंकलो.

बीडला एका वकिलांकडे गेलो. त्यांनी आधी चांगली बातमी दिली. पूर्वी ग्राहकाला बहुतेक वेळा कंपनीच्या किंवा व्यवहाराच्या गावी जाऊन भांडावं लागायचं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० ला लागू झाला, तेव्हापासून आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. ज्या जिल्ह्यात एक विमान उतरत नाही तिथे विमान कंपनीला उत्तर द्यायला बोलावता येतं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "तिकिटावर नंबर कुणाचा?"

मी सांगितलं. त्यांनी त्याच नियमातलं एक कलम काढून दाखवलं. बुकिंगच्या वेळी संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल, तर प्रवाशाला भरपाई मिळत नाही. दुकानदाराने विचारलं नाही, कंपनीने तपासलं नाही आणि मी सांगितलं नाही, आणि त्यातलं शेवटचंच कंपनी पुढे करणार. ते म्हणाले, लढता येईल, पण हे कलम आडवं येणार. मी महिनाभर विचार केला आणि सोडून दिलं. ते बरोबर केलं असं आजही मला वाटत नाही. ₹१०,८०० म्हणजे आईच्या एका हंगामाच्या उचलीचा केवढा भाग होता, हे मला माहीत आहे.

आमच्या गावातली पोरं आता नोकरीसाठी बंगळूर, हैदराबादला विमानाने जातात. तिकिटं बहुतेक दुकानातूनच, आणि दुकानदार सवयीने आपलाच नंबर टाकतो. मी शाळा सुटल्यावर पारावर भेटेल त्याचं तिकीट मागून बघतो. लोकांना ते चमत्कारिक वाटतं, वाटू दे.

दिवाळीनंतर बहिणीने पुन्हा बोलावलं. यावेळी मी ओट्यावर बसून माझ्याच फोनवरून तिकीट काढलं. मोबाइल नंबरची चौकट आली तेव्हा मी माझा टाकायला लागलो. आई शेजारी शेंगा निवडत होती. "माझा घाल," ती म्हणाली. तिला वाचता येत नसलं तरी तिचे दहा आकडे पाठ आहेत. तिने एकेक आकडा सावकाश सांगितला, आणि मग मला ते सगळे मोठ्याने परत वाचून दाखवायला लावले.