पोटातले ओठांवर

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. हिवाळी परीक्षा तोंडावर आली आणि माझे पोट दुखू लागले. सकाळी उठले की पोटात गोळा, वर्गात बसले की मळमळ. अमरावतीला आम्ही तिघी खोली घेऊन राहतो. मैत्रिणींनी ओवा दिला, घरमालकीणबाईंनी हिंग लावून पाहिले. शेवटी दवाखाना गाठला. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. सगळे चांगले निघाले. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवले आणि विचारले, ‘घरी काय चाललं आहे?’

मला एकदम रडू आले.

आमचे घर अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्या हंगामात काढणीच्या वेळी पाऊस आला आणि सोयाबीनच्या गंज्या भिजल्या. भाव मिळाला नाही. बाबा फोनवर एवढेच म्हणत, ‘तू आपला अभ्यास कर माय, इकडलं आमी पाहतो.’ मीही म्हणत असे, ‘सगळं बरं हाय बाबा.’ खोलीचे दोन महिन्यांचे भाडे थकले होते, ते मी सांगितले नव्हते. दोघेही एकमेकांना जपत होतो.

आपण राग गिळतो, दुःख पचवतो, गोष्ट पोटात ठेवतो. आपल्या बोलीला हे सारे आधीच ठाऊक आहे. पण गिळलेले जाते कुठे? मानसशास्त्राच्या तासाला सरांनी एक प्रयोग सांगितला. १९९७ साली ग्रॉस आणि लेव्हेन्सन या अमेरिकन संशोधकांनी कॉलेजच्या १८० मुलींना चित्रफिती दाखवल्या. काहींना बजावले, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे शांत राहिले. पण त्यांच्या हृदयावरचा आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढलेला आढळला. मला वाटले, त्या मुलींत मीही बसले आहे.

संकट समोर आले की शरीर अॅड्रिनलिन, कॉर्टिसोल सोडते आणि लढायला तयार होते. साप दिसला तर ही तयारी कामाची. साप निघून जातो. थकलेले भाडे मात्र उशाशीच असते. मग झोप उडते, पचन बिघडते. मन आवरणे म्हणजे मन दाबणे नव्हे. बैलाला वेसण घालतात ती चालवायला, त्याचे नाक फाडायला नाही.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार करून त्यांनी नैराश्याबद्दल लोकांशी बोलणे सुरू केले. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम ४ जण मदत घेत होते. १८ महिन्यांनी ते २७ झाले. २०१७ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापून आले. माणसे बोलत नाहीत असे नाही. विचारणारे कोणी हवे असते.

परीक्षा संपल्यावर घरी गेले. रात्री बाबा ओसरीवर एकटेच बसले होते. मी भाड्याचे सांगितले, पोटाचेही सांगितले. आता रागावतील असे वाटले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, ‘मले बी रातीले झोप येत नाई वं. छातीत धडधड करते. तुले कायले सांगू म्हटलं.’

बोलल्याने सोयाबीनचा भाव वाढला नाही. भाडे पुढे कापूस विकूनच दिले. पण दुसऱ्या दिवशी बाबा माझ्यासोबत दवाखान्यात आले. रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. आणखी काही महिने ते गप्प राहिले असते तर काय झाले असते, हा विचार मनात येतो आणि अंगावर काटा येतो.

मित्रमैत्रिणींनो, घरी सांगता येत नसेल त्यांच्यासाठी २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. आमच्या खोलीच्या दारामागे मी तो लिहून ठेवला आहे.

पेपरच्या आदल्या दिवशी माझे पोट अजूनही दुखते. पण आता मी बाबांना फोन करते आणि पोट दुखते असेच सांगते. तेही रात्री झोप लागली की नाही ते सांगतात. ‘सगळं बरं हाय’ हे वाक्य मात्र आम्ही दोघांनी सोडून दिले आहे.

(बी. ए. द्वितीय वर्ष)